पोर्टेबल म्युझिक प्लेअर घरच्या हाय-फाय संचाला कायमचा जोडायचा आहे: कमी आवाज, घरघर आणि बॅटरी यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार.

माझ्याकडे गेली बारा-तेरा वर्षे एकच संच आहे: एक स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, मध्यम आकाराचे दोन स्पीकर आणि एक सीडी प्लेअर. त्यातील सीडी प्लेअरचे लेझर आता थकले आहे. तो कधी डिस्क वाचतो, कधी ती नुसतीच फिरवत राहतो, आणि वाचलीच तर मध्येच अडखळतो. माझ्या जवळजवळ सगळ्या सीडी मी फ्लॅक (गुणवत्ता न घटवता फाइल लहान करणाऱ्या) स्वरूपात उतरवून ठेवल्या आहेत आणि त्या एका जुन्या पोर्टेबल म्युझिक प्लेअरमध्ये भरल्या आहेत. हा प्लेअर १.८ इंची हार्ड डिस्कचा असून त्याला ३.५ मिलिमीटरचा हेडफोन जॅक आणि तळाशी अनेक पिनांचा डॉक कनेक्टर आहे. मूळ फर्मवेअर (प्लेअर चालवणारी अंतर्गत प्रणाली) फ्लॅक वाजवत नसल्यामुळे मी त्यात रॉकबॉक्स हे मुक्त फर्मवेअर टाकले आहे.

नेटवरून संगीत वाजवणारे एखादे नवे उपकरण घ्यावे, असे मला अनेकांनी सुचवले. मात्र एकेक सीडी निवडून जमवलेला हा संग्रह माझ्या फार जवळचा आहे. फोन हातात न घेता, कोणतीही सूचना मध्ये न येता, तळहातावरचे बटण दाबून पूर्ण अल्बम सलग ऐकणे मला मनापासून आवडते. म्हणून हाच प्लेअर नीट जोडता यावा, एवढीच माझी इच्छा आहे.

सध्या हेडफोन जॅकमधून दोन आरसीए पिनांची दीड मीटरची वायर काढून ती अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ इनपुटला लावली आहे. पहिली अडचण आवाजाच्या पातळीची आहे. सीडी प्लेअर चालू असताना अ‍ॅम्प्लिफायरचा नॉब घड्याळातील नऊच्या जागी ठेवला, की खोली भरून जाते. पोर्टेबल प्लेअरवर तेवढाच आवाज मिळवायचा तर नॉब जवळजवळ बारापर्यंत न्यावा लागतो, आणि तोही प्लेअरचा स्वतःचा आवाज शेवटपर्यंत वाढवल्यानंतर, म्हणजे स्क्रीनवर +६ डेसिबल दिसत असताना. त्या स्थितीत तबल्याची जोरकस थाप आणि पियानोचे भरदार स्वर फाटल्यासारखे ऐकू येतात. इक्वलायझरमध्ये मी खालचे दोन पट्टे थोडे वर उचलून ठेवले आहेत, हेही येथे नमूद करते.

आवाज कमी पडतो म्हणून एकदा मी ही वायर ‘फोनो’ इनपुटला लावून पाहिली. आवाज एकदम प्रचंड वाढला, परंतु तो घुमणारा, कोंदट आणि पूर्णपणे विस्कटलेला होता. मी लगेच अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. त्यामुळे काही बिघाड झाला असेल का, ही धास्ती अजून मनात आहे.

दुसरी अडचण मला अधिक छळते. प्लेअर चार्जरला लावलेला असताना स्पीकरमधून सतत बारीक घरघर येते आणि तिच्यावर एक किणकिणता, वर-खाली होणारा सूर असतो. हार्ड डिस्क फिरू लागली किंवा स्क्रीन उजळली, की तो सूर बदलतो. संथ आलापाच्या आधी नुसता तंबोरा वाजत असतो, तेव्हा ही घरघर षड्जाच्या खाली वेगळी उभी राहते आणि मन तिच्यावरून हटत नाही. चार्जरची पिन उपसली, की त्याच क्षणी सारे शांत होते. संगणकाच्या यूएसबीवर चार्जिंग लावले, तर घरघर आणखी वाढते. अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग अर्थिंगसह तीन पिनांचा आहे, आणि चार्जर दोन पिनांचा.

कमी पातळी हा या प्लेअरचा दोष मानावा, की हेडफोन जॅक वापरण्याचा तो स्वाभाविक परिणाम आहे? हेडफोन आउटमधून घेतलेल्या आवाजात बेस कमी होतो असे मी ऐकले आहे, त्यात तथ्य आहे का? तळाच्या डॉक कनेक्टरमधून लाइन आउट (अ‍ॅम्प्लिफायरला देण्यासाठीचा स्थिर पातळीचा संकेत) काढल्यास ऐकण्यात खरोखर फरक पडेल का? आणि प्लेअर कायम चार्जरवर ठेवूनही घरघर टाळता येईल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. थोडे तांत्रिक असले तरी चालेल, मला समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

नमस्कार. प्रथम आपली धास्ती दूर करतो. फोनो इनपुटला वायर लावून आपण लगेच अ‍ॅम्प्लिफायर बंद केला आणि स्पीकर आजही स्वच्छ वाजत आहेत, तेव्हा बिघाड झालेला नाही. फोनो इनपुट रेकॉर्ड प्लेअरच्या काट्यातून येणाऱ्या काही मिलिव्होल्टच्या संकेतासाठी असते. ते संकेत साधारण शंभर पट, म्हणजे ४० डेसिबल वाढवते. शिवाय रेकॉर्ड कापताना बेस मुद्दाम दाबलेला आणि ट्रेबल वाढवलेला असतो, तो हिशेब उलटा करण्यासाठी १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला जवळजवळ २० डेसिबल चढवते आणि २० किलोहर्ट्झला तितकेच उतरवते. आपण ऐकलेला कोंदट घुमारा नेमका तोच. त्या इनपुटला पुन्हा काही लावू नये.

पातळी कमी असणे हा प्लेअरचा दोष नव्हे. सीडी प्लेअर पूर्ण पातळीच्या संकेताला साधारण २ व्होल्ट देतो. पोर्टेबल प्लेअरचा हेडफोन आउट कानाजवळच्या छोट्या हेडफोनसाठी बनवलेला असतो आणि त्यातून बहुधा अर्धा ते एक व्होल्टच निघतो. २ आणि १ व्होल्टमधील अंतर ६ डेसिबलचे, तर २ आणि अर्ध्या व्होल्टमधील १२ डेसिबलचे. आपला नॉब नऊवरून बाराकडे सरकतो तो याच अंतरामुळे. अ‍ॅम्प्लिफायरकडे ही वाढ देण्याची ताकद असते, त्यामुळे नॉब पुढे नेण्यात काहीही गैर नाही. नॉब कुठे थांबतो यावरून गुणवत्ता ठरवू नका.

फाटण्याचे कारण आपल्याच वर्णनात आहे. रॉकबॉक्समध्ये आवाज डेसिबलमध्ये दिसतो आणि काही प्लेअरवर तो शून्याच्याही वर नेता येतो. पूर्ण पातळीवर ध्वनिमुद्रित झालेल्या संगीताला त्या +६ मध्ये पसरायला जागाच उरत नाही, आणि लाटांचे माथे कापले जातात. त्यात इक्वलायझरने बेस उचलला, की कापणी अधिकच होते. इक्वलायझर पूर्ण बंद करा. तो हवाच असेल तर त्यातील ‘प्रीकट’ हा एकूण पातळी आधीच कमी करणारा पर्याय, जेवढा पट्टा उचलला आहे निदान तेवढ्या डेसिबलने खाली ओढा. मग १ किलोहर्ट्झचा पूर्ण पातळीचा शुद्ध सूर एका फाइलमध्ये घेऊन, स्पीकरचा आवाज अगदी हळू ठेवून, तो वाजवा आणि प्लेअरची पातळी एकेक पायरीने वाढवत जा. सूर जिथे बासरीसारखा गोल न राहता चरचरू लागेल, त्याच्या दोन पायऱ्या खाली प्लेअर कायमचा ठेवा. पुढचा कमी-जास्त आवाज अ‍ॅम्प्लिफायरवरूनच करा. प्लेअरचा आवाज डिजिटल पद्धतीने कमी होत असेल, तर दर ६ डेसिबलला साधारण एक बिट खर्ची पडतो, म्हणून तो फार खाली ठेवणेही योग्य नाही.

बेसबद्दल आपण ऐकले ते हेडफोनच्या बाबतीत खरे असू शकते, आपल्या जोडणीत नाही. काही प्लेअरमध्ये हेडफोनच्या वाटेवर कपॅसिटर असतो. तो २२० मायक्रोफॅरडचा धरला आणि त्यावर ३२ ओहमचा हेडफोन लावला, तर सुमारे २३ हर्ट्झला आवाज ३ डेसिबलने उतरलेला असतो. १६ ओहमच्या हेडफोनवर तोच बिंदू ४५ हर्ट्झवर येतो आणि बेस खरोखर पातळ वाटू लागतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटचा रोध मात्र सहसा १० हजार ओहम किंवा त्याहून अधिक असतो. तेथे हा बिंदू ०.०७ हर्ट्झवर जातो, म्हणजे ऐकण्याच्या कक्षेत काहीच हरवत नाही. हेडफोन आउटसाठी अ‍ॅम्प्लिफायर हे हेडफोनपेक्षा कितीतरी हलके ओझे आहे.

प्रतिसाद २

घरघरीविषयी लिहिते, कारण या त्रासातून मी स्वतः गेले आहे.

आपण चार्जर काढून पाहिलात, हीच सर्वांत महत्त्वाची चाचणी होती. बॅटरीवर शांतता आहे, याचा अर्थ प्लेअर, वायर आणि अ‍ॅम्प्लिफायर तिन्ही निर्दोष आहेत. दोन पिनांच्या चार्जरमध्ये विजेची बाजू आणि यूएसबीची बाजू यांच्यात एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून अत्यंत अल्प गळती प्रवाह येतो आणि त्याला जमिनीकडे जायला आपल्या ऑडिओ वायरची बाहेरची जाळी व अ‍ॅम्प्लिफायरचे अर्थिंग हीच वाट सापडते. जाळीवर उठणारा तो सूक्ष्म दाब अ‍ॅम्प्लिफायर संगीताबरोबर वाढवतो. घरघर विजेच्या वारंवारतेची आणि तिच्या पटींची असते, तर किणकिणता सूर प्लेअर आणि चार्जर यांच्यातील बदलत्या भाराचा. म्हणूनच डिस्क फिरली की तो बदलतो. संगणक स्वतः अर्थिंगला जोडलेला असल्यामुळे तेथे पूर्ण ग्राउंड लूप (दोन अर्थिंगमधून बंद होणारे वर्तुळ) तयार होतो आणि घरघर वाढते.

एक कळकळीची विनंती: अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नका. घरघर जाईल, पण आत बिघाड झाल्यास धातूच्या पेटीत वीज उतरू शकते. सुरक्षित मार्ग म्हणजे ऑडिओच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवणे, किंवा ऐकताना चार्जर न लावणे. छोट्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर खोल बेसला लवकर संपृक्त होतो (त्याची चुंबकीय क्षमता संपते) आणि विकृती आणतो, म्हणून घ्यायचाच असेल तर चांगला घ्यावा आणि तंबोरा नव्हे, पखवाज किंवा ऑर्गन लावून तपासावा. ऑप्टिकल डिजिटल आउट असलेल्या प्लेअरला हा प्रश्नच येत नाही, कारण काचेच्या किंवा प्लास्टिकच्या तंतूतून वीज जात नाही.

डॉकच्या लाइन आउटमध्ये हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर आणि प्लेअरचा आवाज-नियंत्रक दोन्ही वगळले जातात, पातळी स्थिर राहते आणि +६ सारखी चूक होण्याची शक्यताच उरत नाही. माझ्या मते खरा लाभ हाच आहे. स्वरात जादूई फरक पडेल, अशी अपेक्षा ठेवू नका. मात्र पहिल्यांदा जोडताना अ‍ॅम्प्लिफायरचा नॉब शून्यावर असू द्या, कारण प्लेअरवरून आवाज कमी करता येणार नाही.

धागालेखिका

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे इक्वलायझर बंद केला. शुद्ध सुराची चाचणी घेतली, तेव्हा +२ वर सूर चरचरू लागला. आता प्लेअर शून्यावर आहे. नॉब एकच्या जवळ जातो, परंतु तबल्याची थाप स्वच्छ येते आणि पियानोचा स्वर कुठेही फाटत नाही. त्यानंतर डॉकचे लाइन आउट अडॅप्टर मिळवून जोडले. नॉब साडेदहावर स्थिरावला.

तुलना न्याय्य व्हावी म्हणून मी सीडी प्लेअर कसाबसा चालू केला. २०० हर्ट्झचा सूर दोन्हींवर वाजवून, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटर धरून व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवले. मग तीच ध्वनिमुद्रणे आळीपाळीने ऐकली. पातळी जुळल्यावर मला दोहोंत फरक सांगता आला नाही. इतके दिवस ज्याला मी ‘सीडीचा भरदारपणा’ म्हणत होते, तो केवळ मोठा आवाज होता.

घरघरीसाठी सध्या बॅटरीवर ऐकण्याचे ठरवले आहे. रात्री चार्जिंग, दिवसा संगीत. तंबोऱ्याखाली आता काहीही ऐकू येत नाही. फक्त बॅटरीबाबत विचारायचे राहिले: पूर्ण चार्ज झाल्यावरही प्लेअर रात्रभर चार्जरवर राहिला तर चालेल का?

प्रतिसाद २

एखाद्या रात्री राहिला तर काही होणार नाही, कारण चार्जिंग आपोआप थांबते. परंतु लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या आणि उबदार स्थितीत दीर्घकाळ राहिली, की लवकर म्हातारी होते. अ‍ॅम्प्लिफायरच्या वरच्या जाळीवर प्लेअर कधीही ठेवू नका, तेथे उष्णता सतत असते. रोज ऐकणे तीन-चार तासांचे असेल, तर ८० टक्क्यांच्या आसपास चार्जर काढलेला बरा. आणि प्लेअरची पाठ किंचित जरी फुगलेली दिसली, स्क्रीनच्या कडेला फट पडली, तर त्याच दिवशी वापर थांबवून बॅटरी बदलून घ्या. फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नका.