खांडसहून भीमाशंकर एका दिवसात: कुठला घाट, किती पाणी? (सल्ला हवा)

अबोली_डोंबिवली:
नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात खांडसमार्गे भीमाशंकर करायचं ठरतंय. पाच जण आहोत. त्यात साठीच्या एक काकू (गुडघे कुरकुरतात, पण रोज तासभर चालतात) आणि अकरा वर्षांचा मुलगा. शिडी घाटाचे व्हिडिओ बघून मुलाने तोच धोशा लावलाय. त्याच दिवशी परत खांडसला उतरणं जमेल का? पाणी किती लागेल?

कातळकडा:
शिडी घाट नको. लोकांना शिड्यांची भीती वाटते, पण खरी अडचण शिड्यांच्या आगेमागे असलेल्या कातळटप्प्यांची. पाय खोबणीत, एक बाजू उघडी आणि सॅक मागे ओढतेय, अशी अवस्था होते. सावलीतल्या घळीत पावसाळ्यानंतरही शेवाळ टिकतं. शिवाय सुट्टीच्या दिवशी शिडीखाली रांग लागते आणि वरच्यांच्या पायाने सुटलेले दगड खालच्यांवर येतात.

गणेश घाटाने जा. खांडस गावाच्या पुढे पूल लागतो. तिथून डावीकडे शिडी घाट, उजवीकडच्या रस्त्याने गणेश घाट. वाट लांब आहे पण मळलेली. गणपतीच्या देवळापर्यंत चढ सोसवेल असा आहे. पुढे पदरगडाकडे फुटणाऱ्या वाटेने भलतीकडे जाऊ नका, पदरवाडी (कड्याखालच्या सपाटीवरची, म्हणजे पदरातली वस्ती) विचारत राहा. दोन्ही घाट त्या पदरातच एकत्र येतात आणि झोपडीत चहा-सरबत मिळतं. शेवटचा टप्पा दाट जंगलातला, खडा चढ. एकूण चढाई साडेआठशे-नऊशे मीटर. काकूंच्या चालीने थांबे धरून सहा तास पकडा.

गुळपोळी:
परत खांडसला उतरू नका. गुडघ्यांची वाट लागते ती उतरताना. नोव्हेंबरात गवत वाळलेलं असतं आणि त्याखाली मुरमाचा घसारा, त्यावर दमलेले पाय सटकतात. वर पोचलात की एसटीने मंचरमार्गे पुणे गाठा आणि तिथून रेल्वेने घरी या. काकूंना दोन काठ्या द्या. काठीची उंची अशी की टेकवल्यावर कोपर काटकोनात राहील.

कातळकडा:
+१. गाडी खांडसला लावली की तुम्ही उतरायला बांधले जाता, म्हणून गाडी नकोच. पहाटेच्या कर्जत लोकलने नेरळ, तिथून टमटमने कशेळे, मग खांडस. सकाळी शेअर टमटम भरायला वेळ लागतो. पाच जण असाल तर आदल्या दिवशी फोन करून पूर्ण टमटमच ठरवा.

जुना_भटक्या:
सातला चालायला लागा. पदरवाडीला साडेबारा वाजले आणि कुणी गळपटलेलं दिसलं, तर तिथूनच माघार. सूर्यास्त सहाच्या आसपास आहे, पण झाडीत त्याआधीच काळोख होतो. मोबाइलच्या टॉर्चवर भिस्त नको, दोन हेडटॉर्च घ्या. रेंज मध्येमध्ये जाते, नकाशा आणि ट्रॅक घरूनच डाउनलोड करा.

गुळपोळी:
पाण्याचं: मोठ्यांना प्रत्येकी तीन लिटर, मुलाला दोन. ओढे तोवर आटत आलेले असतात, त्यांच्यावर हिशेब बांधू नका. ओआरएसची पुडी छापलंय तेवढ्याच पाण्यात घाला. एक लिटरची पुडी अर्ध्या लिटरमध्ये ढवळली तर ते जास्त खारट होतं आणि उलट त्रास होतो. 'ओआरएससारखं' म्हणून खोक्यात मिळणारं गोड सरबत घेऊ नका. खायला गूळपोळी (आयडीला जागून), शेंगदाणे, उकडलेले बटाटे, संत्री. संत्र्याची सालं पिशवीत भरून परत आणा.

कातळकडा:
मुलाला शिडीऐवजी शेकरू (झाडावरची मोठी खार) दाखवा. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झालं ते मुख्यतः शेकरूसाठीच. वरच्या टप्प्यात जांभूळ, हिरड्याच्या शेंड्याकडे बघा. फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा फुटबॉलएवढा गोळा दिसला तर ते त्याचं घरटं. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतो, म्हणून प्रत्येकात तो असेलच असं नाही. आधी 'चक्-चक्-चक्' असा खडखडाट ऐकू येतो. तेव्हा जागेवर थांबा, बोट दाखवत धावू नका.

जुना_भटक्या:
अत्तर, डिओ, सुगंधी तेल काही लावू नका आणि वाटेत विडी-सिगरेट कुणाला पेटवू देऊ नका. कड्यांना आग्या मोहोळ असतात. उठलीच तर हात न झाडता डोकं-तोंड ओढणीने झाका आणि एकदिशेने लांब पळा. तलावात-डबक्यात बुडी मारून उपयोग नाही, माश्या वर घिरट्या घालत राहतात.

अबोली_डोंबिवली:
गणेश घाट आणि परतीला एसटी, ठरलं. रविवार की सोमवार?

जुना_भटक्या:
दोन्ही नको. रविवारी पर्यटक, सोमवारी शंकराचा वार. परतीच्या एसटीत काकूंना पुण्यापर्यंत उभं राहावं लागेल. मंगळवार-बुधवार बघा. वर पोचल्यावर दर्शनाच्या रांगेत लागण्याआधी स्टँडवर शेवटची गाडी कितीची ते विचारून घ्या.