मदत हवी आहे : जपानी पॉपमधल्या आजच्या गायिका – ॲनिमेच्या पलीकडे कोण?

नमस्कार मंडळी,

२०२५च्या सप्टेंबरात 'डेमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' हा ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) चित्रपट आपल्याकडे लागला तेव्हा लेकीने ओढून नेलं. तलवारबाजी फारशी झेपली नाही, पण त्यातली दोन गाणी, एक एमेचं आणि एक लिसाचं, डोक्यात बसली ती बसलीच. तेव्हापासून स्वयंपाकघरात जपानी चालू आहे. अडचण अशी, की तूनळीला एकदा ॲनिमेचा वास लागला की ती दुसरं काही दाखवतच नाही. खाली खाली गेलं तरी तीच मोठ्या डोळ्यांची चित्रं.

मला काय हवंय ते सांगून ठेवते, म्हणजे धागा भरकटणार नाही. आवाज आधी. माणिक वर्मा, मालती पांडे ऐकत वाढलेला कान आहे, तालावरच्या कवायती नंतर. गायिका आत्ता गाणाऱ्या हव्यात. मात्सुबारा मिकीचं 'मायोनाका नो डोअर' आणि ताकेउची मारियाचं 'प्लास्टिक लव्ह' आता जगाला पाठ झालंय, मलाही, त्यामुळे जुनं सिटी पॉप कृपया नको. शिवाय स्वतः वाद्यं वाजवणाऱ्या बायकांचे बँड असतील तर फारच छान. आयडल मुलींचे घोळके नकोत.

योआसोबी ऐकलं, आवडलं. आडोचं 'उस्सेवा' ऐकून दचकलेच. २०२०मध्ये ते आलं तेव्हा पोरगी १७ वर्षांची होती, चेहरा दाखवत नाही, आणि २०२४च्या एप्रिलमध्ये टोक्योच्या राष्ट्रीय स्टेडियमवर एकटीच्या नावावर कार्यक्रम करणारी पहिली गायिका ठरली. सगळं मान्य. पण एवढा ताकदीचा गळा असून सारखं किंचाळायचं कशाला? अर्ध्या तासात डोकं उठतं.

जपानी येत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

गायकी हवी असेल तर शिइना रिंगोपासून सुरुवात करा, बाकीचं नंतर. १९९९चा पहिला अल्बम घ्या. 'र' आला की जीभ लोळवते, ओळ संपता संपता आवाज मुद्दाम फाटू देते, आणि तरी सूर जागचा हलत नाही. त्यात 'मारुनोउची सॅडिस्टिक' नावाचं गाणं आहे. त्यातली कॉर्डांची साखळी जपानी संगीतकारांनी इतकी वापरली, की त्या साखळीला या गाण्यावरूनच 'मारुसा' म्हणतात. हे ऐकून झालं की लगेच तुमच्या योआसोबीचं 'योरु नि काकेरु' लावा, आपोआप कळेल मी काय म्हणतोय ते. रिंगोचा बँड टोक्यो जिहेन, २००४ ते २०१२ आणि परत २०२०पासून. तिथे ती जॅझकडे जास्त झुकते.

दुसरी आओबा इचिको. नायलॉनच्या तारांची गिटार आणि कानाशी बोलल्यासारखा आवाज, बस्स. 'विंडस्वेप्ट अदान' (२०२०) पूर्ण ऐका. (अदान म्हणजे आपल्या केवड्याच्या कुळातलं झाड.) मात्र भाजी चिरताना नको, कुकरच्या शिट्टीत सगळं वाहून जाईल.

उतादा हिकारुंचं नाव न घेता कसं चालेल? 'फर्स्ट लव्ह' (१९९९) हा जपानात सगळ्यात जास्त खपलेला अल्बम. आई फुजी केइको, एन्का (जपानी जुन्या वळणाची भावगीतं) गाणारी. आईच्या गळ्यातली ती आर्तता अमेरिकन आर-अँड-बीच्या ठेक्यावर उतरलीय असं मला नेहमी वाटतं. २०२१मध्ये उतादांनी आपण नॉनबायनरी (ना स्त्री, ना पुरुष) असल्याचं सांगितलं, तेव्हा 'गायिका' या मथळ्याखाली घ्यायचं का ते तुम्हीच ठरवा. ऐकायचं मात्र नक्की.

प्रतिसाद २

बँडसाठी रुमाल टाकून ठेवला होता, आता सविस्तर लिहिते.

स्कँडल : ओसाका, २००६. सुरुवातीला ओसाका कॅसलच्या बागेत उघड्यावर वाजवायच्या. गोड, सरळ रॉक. बँड-मेड : मेड कॅफेच्या झालरवाल्या पोशाखात दणदणीत हार्ड रॉक. पोशाख बघून पळू नका, गिटार ऐका. हित्सुजी बुन्गाकु : शिओत्सुका मोएका गाते आणि गिटारही तीच वाजवते. गिटारचा धुरकट आवाज आणि त्यावर शांत गळा. तुमच्या कानाला हे पटेल.

क्योटोच्या ओतोबोके बीव्हर फक्त पोटात हिंमत असेल तर. पंक आहे. 'सुपर चम्पोन' (२०२२) या अल्बममध्ये १८ गाणी आणि सगळी मिळून साधारण २१ मिनिटं!

आणि माझं लाडकं झुतोमायो. पूर्ण नाव 'झुत्तो मायोनाका दे इइ नोनि', लिहितानाच दम लागतो. गायिका आकाने, तीही चेहरा दाखवत नाही. कार्यक्रमात जुन्या स्पूलवाल्या टेपरेकॉर्डरची फीत हाताने घासून आवाज काढतात, आणि प्रेक्षक टाळ्यांऐवजी भात वाढायचे चपटे डाव एकमेकांवर आपटून ताल धरतात. खरंच. डाव घरून नेतात लोक. हजारोंच्या सभागृहात तो लाकडी खडखडाट एकदा ऐकाच.

प्रतिसाद ३

'तालावरच्या कवायती' याला माझा जाहीर निषेध :) हिरोशिमाच्या पर्फ्युमला वगळून हा धागा पुरा होत नाही. तिघी जणी, २००७च्या 'पॉलिरिदम'पासून घराघरात. आवाज यंत्रातून काढलाय म्हणून नाक मुरडू नका, तिथे गळा हे सिंथसारखंच एक वाद्य आहे आणि संगीतकार नाकाता यासुताकाला तेच करायचं होतं. याच नाकाताने आडोचं 'शिनजिदाई' (२०२२) केलंय, त्यात ती बऱ्यापैकी माणसाच्या पट्टीत गाते. पर्फ्युमने २०२५च्या अखेरीस काम थांबवलं. निवृत्ती म्हणत नाहीत, 'कोल्ड स्लीप' म्हणतात.

बेबीमेटल या मेटल गटाची गायिका सु-मेटलही हिरोशिमाच्याच, पर्फ्युम शिकल्या त्याच प्रशिक्षण शाळेतली. मेटल आवडत नसेल तरी तिचा आवाज ऐका, निखळ, आणि गिटारच्या भिंतीवरून सरळ आरपार जातो. २०२५मध्ये त्यांनी दिल्लीच्या ब्लडीवूड या मेटल बँडबरोबर 'बेखौफ' हे गाणं केलं.

अवांतर : घोळके नकोत म्हणालात म्हणून आठवलं, २०१७मध्ये एकेबी४८ या जपानी आयडल घोळक्याने मुंबईसाठी एमयूएम४८ हा गट जाहीर केला होता. त्या मुली काही मंचावर आल्या नाहीत. वाचलात.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. रिंगो म्हणजे काय प्रकरण आहे! ओळ तोडते कुठे, श्वास घेते कुठे, काही अंदाजच येत नाही. नाट्यगीतात एखादी जागा अचानक घ्यावी तसं होतं. आओबाबाईंसाठी रात्र राखून ठेवलीय. ओतोबोके बीव्हर लेकीकडे सुपूर्द. पर्फ्युमबद्दल अजून मत बनलेलं नाही, पण निषेध नोंदवून घेतला.

एक अडचण. रिंगो शोधलं की निम्मी गाणी दुसऱ्याच कुणीतरी गायलेली निघतात. मूळ कसं ओळखायचं?

प्रतिसाद ४

रोमन लिपीत शोधलं की हौशी कव्हरंच आधी वर येतात. नाव जपानी लिपीत कॉपी करून टाका. आडनाव आधी येतं हेही लक्षात ठेवा, काही ठिकाणी उलटं लिहितात. आणि 'द फर्स्ट टेक' या वाहिनीची सदस्य व्हा. पांढरी खोली, एक माइक, एकाच दमात गायचं. गळ्याची पारख तिथे होते. तुमची लिसा 'गुरेंगे' तिथे कशी गाते ते बघाच.

दरवर्षी ३१ डिसेंबरला एनएचके या जपानी सार्वजनिक वाहिनीवर 'कोहाकु' हा गाण्यांचा सामना असतो, सुरुवात १९५१ची. बायकांचा लाल संघ, पुरुषांचा पांढरा. एखाद्या वर्षीच्या लाल संघाची यादी काढून एकेक नाव ऐकत गेलात तर ॲनिमेबाहेरचं बरंच सापडेल. एन्कावाल्या आज्याही असतात त्यात, त्यांना टाळू नका.

धागाकर्ती

यादी काढायचं काम लेकीला दिलंय. एन्कामध्ये आत्ता चांगलं कोण गातं? त्यासाठी वेगळा धागा काढू की इथेच विचारू?