मदत हवी आहे: ट्राउटसाठी पहिला फ्लाय फिशिंग संच कोणता घ्यावा? (तीर्थन खोरे, हिमाचल)

नमस्कार मंडळी,

माझा मेहुणा डिसेंबरअखेर डेन्व्हरहून पुण्याला येतोय. सामानात एका संचाची जागा त्याने राखून ठेवली आहे. नेमकं काय आणायचं ते मला पंधरा दिवसांत कळवायचंय, म्हणून हा धागा.

आमचे बाबा मूळचे गोवळकोटचे. वाशिष्ठीच्या खाडीत गरवण्यात त्यांचं लहानपण गेलं, आणि मलाही त्यांनीच शिकवलं. दोरी, शिसं, गरी, गरीला कोळंबी. दोरी तर्जनीवर घेऊन बसायचं. खेकडा कुरतडतोय की तांबोशी ओढतेय हे बोटालाच कळतं. आता ते ६९ वर्षांचे आहेत आणि उजवा खांदा आखडलाय. हात कानाच्या वर जात नाही.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं तीर्थन खोऱ्यात गुशैणीला राहिलो होतो. परवाना काढला, आणि तिथल्या एका वाटाड्याने दोन तास स्वतःची काठी हातात दिली. मोठ्या धोंड्याच्या मागे पाणी थबकतं ना, तिथे माशी (गळावर पिसं-धागे गुंडाळून केलेली नकली माशी) टाकायला सांगितलं. विसाव्या-पंचविसाव्या फेकीला ती नीट पडली. दोन हात वाहत गेली आणि खालून एक तपकिरी पाठ वळली. पोटाकडचे लाल ठिपकेसुद्धा दिसले. मी घाईने काठी उचलली आणि माशी रिकामीच परत आली. मागे दगडावर बसलेले बाबा उठून उभे राहिले होते. त्या क्षणापासून मला हे शिकायचंच आहे, आणि त्यांना बरोबर घेऊन.

परत आल्यावर उतावीळपणे ऑनलाइन एक स्वस्तातला संच मागवला. त्यातली लाइन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्याच जाडीची, जवळजवळ वजनच नसलेली. मैदानात सराव करताना तिसऱ्याच दिवशी काठीचा वरचा सांधा चिरला. विक्रेत्याने माल परत घेतला नाही. एवढं मात्र समजलं की आपल्या गरीत शिसं दोरीला ओढून नेतं, इथे माशीला वजनच नाही, लाइनचं वजनच सगळं पुढे नेतं. म्हणजे लाइन चुकली की सगळंच चुकलं.

बजेट २५,००० रुपयांपर्यंत. काठी दोघांत एकच. अडलेले प्रश्न असे: ४ नंबरची काठी घ्यावी की ५? साडेआठ फूट की नऊ? काठी, रीळ आणि लाइन यांपैकी पैसे कशावर जास्त घालावेत? आणि आखडलेल्या खांद्याने हे जमतं का? शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे.

---

प्रतिसाद १

मी कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहते, तिथल्या पूडर नदीवर आठ वर्षं जातेय. नऊ फूट, ५ नंबर, चार तुकड्यांची काठी घ्या. चार तुकडे केले की नळी साधारण पाऊण मीटरची होते, मेहुण्यांच्या मोठ्या बॅगेत आरामात जाईल. माश्या आणि गळ मात्र केबिन बॅगेत नकोत, चेक-इनमध्येच.

नंबर म्हणजे लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन. ५ नंबरला ते १४० ग्रेन, म्हणजे जेमतेम ९ ग्रॅम. ४ नंबरला १२० ग्रेन. फरक छोटा वाटतो, पण खोऱ्यात दुपारी वारा सुटला किंवा वजनदार निम्फ (पाण्याखालच्या किड्याच्या पिलासारखी, बुडणारी माशी) बांधली की नवशिक्याला ५ नंबर जास्त सांभाळून घेते. धोंड्यांच्या नदीत नऊ फुटांचा दुसरा फायदा असा की काठी उंच धरून मधल्या जोरदार धारेवरून लाइन उचलून ठेवता येते. लाइन त्या धारेत पडली की माशी फरफटत जाते आणि मासा तिच्याकडे बघतही नाही.

पैसे आधी काठीवर आणि लाइनवर. ट्राउटसाठी रीळ ही बहुतांशी लाइन गुंडाळायची जागा आहे, महागडा ब्रेक लागत नाही. ऑर्विस एनकाउंटर किंवा रेडिंग्टनचे सुरुवातीचे तयार संच तुमच्या बजेटमध्ये बसावेत, लाइन त्यातच असते. डब्यावर 'डब्ल्यूएफ ५ एफ' लिहिलंय का ते मेहुण्यांना बघायला सांगा: पुढून जड, ५ नंबर, तरंगणारी. पुढे साडेसात किंवा नऊ फुटांचा निमुळता लीडर (लाइन आणि माशी यांच्यामधला पारदर्शक धागा), ४एक्स. सोबत ४एक्स आणि ५एक्स टिपेटची (लीडरच्या टोकाला जोडायच्या बारीक धाग्याची) एकेक गुंडी. हे आकडे उलटे चालतात, एक्स वाढला की धागा बारीक. ११ मधून एक्स वजा करा, तेवढे हजारांश इंच जाडी. ५एक्स म्हणजे ०.००६ इंच.

आता बाबांबद्दल. त्यांना डोक्यावरून फेकायला शिकवूच नका, रोल कास्ट शिकवा. लाइन पाण्यावरच असते, काठी हळू मागे आणून कानाच्या खालीच थांबवायची, लाइनचा झोळ काठीमागे लोंबला की पुढे झटका. कोपर बरगडीजवळच राहतं. त्यासाठी काठी फार कडक नको. दुकानात 'मध्यम' किंवा 'मध्यम-जलद' विचारा. रोल कास्ट कोरड्या मैदानात मात्र नीट बसत नाही, लाइनला पाण्याची पकड लागते. तळ्यावर न्या त्यांना.

आणि एक. फेकून झालं की लाइन काठी धरलेल्या हाताच्या तर्जनीखाली दाबून धरतात आणि दुसऱ्या हाताने ओढून घेतात. तुमच्या बाबांचं ते बोट साठ वर्षं आधीच तयार आहे.

---

प्रतिसाद २

तीर्थनला माझी दरवर्षी एक फेरी असते. वरच्या प्रतिसादाशी एका बाबतीत माझं जमत नाही. तिथले बरेचसे मासे वीत-दीड वीत असतात आणि काठाला झाडोरा आहे. मी साडेआठ फूट ४ नंबर वापरतो आणि सुखी आहे. पण एकच काठी, तीही नवशिक्या हातात, असेल तर ५ ला माझा विरोध नाही.

हिमाचलात ट्राउटची बंदी १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर असते. मार्चमध्ये पाणी हाडं गोठवणारं. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळतं, तेव्हा सकाळी लवकर जा, दुपारनंतर पाणी चढतं आणि गढुळतं. जुलै-ऑगस्ट विसरा.

माश्या ढीगभर नकोत. हिमालयातला ब्राउन ट्राउट मूळचा इथला नाही, १९०० साली काश्मीरमध्ये परदेशातून अंडी आणून तो रुजवला. मासा तोच, म्हणून तिकडच्या माश्या इथेही चालतात. फेझंट टेल आणि हेअर्स इअर या निम्फ १४ आणि १६ नंबरच्या गळावरच्या, ॲडम्स आणि एल्क हेअर कॅडिस या तरंगत्या माश्या १४ च्या, दोन-तीन काळ्या वूली बगर. प्रत्येकी चार घ्या, खडकांत अडकून जातातच. बहुतेक वेळ मासा तळाशी खातो, त्यामुळे निम्फवर भर द्या. गळाचा मागचा काटा पकडीने दाबून टाका आणि मासा सोडताना हात आधी ओले करा.

वेडरवर (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीवर) पैसे घालू नका. ६९ वर्षांच्या माणसाने तीर्थनच्या गोट्यांवर उतरू नये, मीच दोनदा आडवा झालोय. काठावरून मारता येतील अशा जागा नागिणीच्या आसपास आहेत.

---

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मेहुण्याला कळवलं: नऊ फूट, ५ नंबर, चार तुकडे, मध्यम-जलद, डब्ल्यूएफ ५ एफ. वेडर रद्द, त्या पैशांत जास्तीची एक लाइन येईल.

काल बाबांना तर्जनीचं वाचून दाखवलं. त्यांनी पायजम्याची नाडी मागितली, खुंटीला बांधली, बोटावर घेतली आणि मला म्हणाले, "तू ओढ, हळू." मी नखाएवढं ओढलं तरी त्यांचं बोट हलत होतं. मग स्वतःच म्हणाले, "डाव्या हातानं फेकलं तर?" डावा खांदा त्यांचा उत्तम आहे.

तर आता शेवटचा प्रश्न. मी उजव्याने फेकणार आणि ते डाव्याने. रिळाची मूठ दर वेळी फिरवून घ्यावी लागेल का, की मासे लहान असल्याने हातानेच लाइन ओढून चालतं? रीळ घरी उलटं करता येणारंच घ्यायला सांगू का? रविवारी मेहुणा दुकानात जाणार आहे, त्याआधी कळलं तर बरं.