चीनमधील १ जानेवारी: सण की नुसती सुट्टी?

प्रश्न: चिनी नववर्ष म्हटले की लाल कंदील, फटाके आणि गावी परतणाऱ्यांनी खचाखच भरलेल्या रेल्वेगाड्या डोळ्यांसमोर येतात, पण हा सारा थाट चांद्र पंचांगानुसार येणाऱ्या वसंतोत्सवाचा आहे. मग कचेरीत आणि शाळेत सौर दिनदर्शिका पाळणारे चिनी लोक १ जानेवारीला काय करतात?

प्रतिसाद १: या दिवसाला तेथे 'युआनदान' म्हणतात, 'युआन' म्हणजे आद्य आणि 'दान' म्हणजे पहाट. गंमत अशी की हे नाव पूर्वी चांद्र वर्षाच्या पहिल्या दिवसाचे होते. १ जानेवारी १९१२ रोजी सुन यत्-सेन यांनी नानजिंग येथे हंगामी राष्ट्राध्यक्षपद स्वीकारले आणि नव्या प्रजासत्ताकाने सौर कालगणना अंगीकारली. पुढे हे नाव १ जानेवारीला चिकटले आणि जुने नववर्ष 'वसंतोत्सव' म्हणून ओळखले जाऊ लागले. नाव हलले, सण मात्र जागचा हलला नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस नानजिंग सरकारने जुने नववर्ष बंद करून त्याच्या चालीरीती १ जानेवारीला जोडू पाहिल्या, पण लोकांनी ते जुमानले नाही.

प्रतिसाद २: आजचा फरक सुट्ट्यांवरूनही कळतो: युआनदानला कायद्याने एकच दिवस मिळतो, तर वसंतोत्सवाला २०२५ पासून चार. एरवी हा दिवस मित्रमंडळींचा, त्यातही तरुणांचा. ३१ डिसेंबरच्या रात्री जागून नव्या वर्षात पाऊल टाकण्याला 'ख्वानियान' म्हणतात, आणि त्या रात्री प्रांतोप्रांतीच्या दूरचित्रवाहिन्यांमध्ये गाण्यांच्या कार्यक्रमांची चढाओढ लागते. सुचौच्या हानशान मंदिरात घंटेचे १०८ टोल ऐकायला गर्दी जमते; प्रथा प्राचीन वाटते, पण वर्षाअखेरीचा हा सोहळा १९७९ मध्ये सुरू झाला. बीजिंगमध्ये कडाक्याच्या थंडीत लोक तिआनआनमेन चौकातील पहाटेच्या ध्वजारोहणासाठी ताटकळतात. शांघायच्या बंड या नदीकाठच्या रस्त्यावर ३१ डिसेंबर २०१४ च्या रात्री चेंगराचेंगरीत ३६ जण दगावले, तेव्हापासून गर्दीच्या बंदोबस्ताकडे फार कसोशीने पाहिले जाते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मुलांना लाल पाकिटात पैसे देण्याची रीत या दिवशीही असते का?

प्रतिसाद १: सहसा नाही, ती पाकिटे वसंतोत्सवासाठी राखून ठेवलेली असतात. उत्तरेकडे काही घरांत या दिवशीही च्याओझ, म्हणजे सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, करतात. पण त्यासाठी कोणी हजार किलोमीटरवरून घरी येत नाही.