मदत हवी आहे: जुन्या पिकअपचं पुढचं सस्पेन्शन आहे तेच ठेवू की सरळ अ‍ॅक्सल बसवू?

नमस्कार मंडळी,

आमची हापूसची बाग रत्नागिरी तालुक्यात सड्याखालच्या उतारावर आहे. डांबरी रस्ता सोडला की बागेपर्यंत पावणेदोन किलोमीटर कच्ची वाट लागते. सुरुवातीला उघडा कातळ, मग दोन्ही अंगांना गडगे असलेली अरुंद उतरण, तळाला पऱ्या (लहान ओढा) आणि पऱ्या ओलांडल्यावर लाल मातीचा वळणाचा चढ. वाट सामायिक आहे. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या होऊन ती पक्की होईल तेव्हा होईल, पण आंबा तोवर थांबत नाही. त्यामुळे "आधी रस्ता करून घ्या" हा सल्ला कृपया देऊ नका.

गाडी २०११ ची टाटा झेनॉन फोर बाय फोर, सेकंडहँड घेतलेली. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वेगळे दोन आर्म) आणि टॉर्शन बार, मागे सरळ, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असलेला, अ‍ॅक्सल आणि पॅराबोलिक पाटे. टायर २३५/७० आर १६. मोसमात एका खेपेला ३० ते ३५ क्रेट, म्हणजे सातशे किलोच्या आसपास माल आणि दोन माणसं. बहुतेक खेपा बाबाच करतात. त्यांचं वय ६८. वाटेतला दगडन् दगड त्यांना पाठ आहे, पण गाडी कधी दगा देईल याचा मला आता भरवसा वाटत नाही.

झालं असं. पऱ्यात उतरताना पुढची खालची पत्री दगडाला घासायची. एका गॅरेजमध्ये सांगितलं की टॉर्शन बारचे बोल्ट आवळून गाडी पुढून उचलून देतो, तासाभराचं काम. गाडी जवळपास ५ सेंटिमीटर उचलली गेली. घासणं थांबलं म्हणून आम्हीही खूश. पण त्यानंतर खड्ड्यातून चाक बाहेर येताना पुढून 'धाड' असा आवाज यायला लागला, टायर एका कडेने झिजायला लागले, आणि महिन्याभरात डाव्या चाकाच्या आत ग्रीस दिसलं. सीव्ही जॉइंटचा (चाकाला जोर पोचवणाऱ्या वाकत्या सांध्याचा) रबरी बूट चुणीवर चिरला होता. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस आणि लाल माती मिसळून ओल्या चटणीसारखा थर बसला होता. बोटाने पुसलं तर वाळू करकरत होती.

२०२५ ला मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला, आणि आमच्याकडे त्याच्या आधीपासून धो धो. झाडावर शेवटचा आंबा होता. भरलेली गाडी वर येताना चढाच्या वळणावर पुढचं उजवं चाक अधांतरी राहिलं आणि मागचं डावंही उचललं गेलं. फोर लो (चारही चाकांना जोर देणारा सावकाश गिअर) टाकलेलं, इंजिन जोर लावतंय, आणि हवेतली दोनच चाकं गरगरतायत. सगळे क्रेट उतरवून डोक्यावरून वर न्यावे लागले. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

आता एक मिस्त्री म्हणतात की हे पुढचं सगळं काढून टाका, जुन्या एमएम ५४० जीपचा पाटेवाला सरळ अ‍ॅक्सल बसवून देतो. दुसरे म्हणतात, मागे प्रत्येक बाजूला एक पाटा वाढवा. मला दोन्हीतलं बरं-वाईट कळत नाही. पैसे एकदाच घालायचे आहेत, आणि ही गाडी डांबरी रस्त्याने बाजारातही जाते. ज्यांनी असं काम स्वतः केलं आहे त्यांनी कृपया सांगा.

– मीनाक्षी_बाग

कातळवाट:
मीनाक्षीताई, एक विचारू? बार आवळण्याआधी भरलेली गाडी त्याच वळणावर कधी अडकली होती का?

मीनाक्षी_बाग:
नाही. चाकं फिरायची, पण कधी पूर्ण अडकली नव्हती. मला वाटलं, पावसामुळे झालं.

कातळवाट:
पाऊस होताच, पण मूळ तुमच्या 'धाड' आवाजात आहे. टॉर्शन बार म्हणजे पीळ बसणारी पोलादी कांब. बोल्ट आवळल्याने ती जास्त कडक होत नाही, फक्त आर्म आधीच खाली ढकलून ठेवते. गाडी उंच दिसते, पण चाकाला खाली लटकायला जी जागा होती ती तुम्ही उभ्या गाडीतच खर्चून टाकलीत. आता खड्डा आला की वरचा आर्म लगेच चाकाचं लटकणं रोखणाऱ्या रबरी स्टॉपला लागतो. तोच आवाज. सीव्ही जॉइंट कायम तिरका राहतो म्हणून बूट फाटला, आणि कॅम्बर-टो, म्हणजे चाकांचे कोन, बिघडले म्हणून टायर एका कडेने खाल्ले गेले.

चढावर भरलेल्या गाडीचं वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात. त्या वेळी पुढचं चाक जितकं खाली पोचेल तितकं हवं असतं. तुमचं पोचलंच नाही. ते हवेत, त्याच्या तिरक्या कोपऱ्यातलं मागचं हवेत, आणि दोन्ही डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारे गिअर) साधे. हवेतल्या चाकाला जेवढा जोर लागतो तेवढाच जमिनीवरच्याला मिळतो, म्हणजे जवळजवळ नाहीच.

बार मूळ उंचीवर आणा, मग बूट बदला, जॉइंटमध्ये माती गेलीय का ते उघडून बघा, शेवटी अलाइनमेंट. याच क्रमाने, नाहीतर नवीन बूटही फाटेल.

सह्यकडा:
माझ्याकडे एमएम ५४० आहे, म्हणून सरळ अ‍ॅक्सलबद्दल लिहितो. त्याचं कौतुक खरं आहे. एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, सीव्ही बूट आणि आर्मची भानगड नाही, वाकला तरी गावात सरळ करून मिळतो. पण दुसऱ्या गाडीखाली घालताना डिफरन्शियलची बाजू ट्रान्स्फर केसच्या (पुढे-मागे जोर वाटणाऱ्या पेटीच्या) पुढच्या शाफ्टशी जुळली पाहिजे. पुढचा-मागचा गिअर रेशो सारखा हवा, नाहीतर फोर व्हीलमध्ये दोन अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतील आणि काहीतरी तुटेल. स्टिअरिंगचे रॉड नव्याने बसवावे लागतात. त्यांचा कोन चुकला तर प्रत्येक खड्ड्याला स्टिअरिंग स्वतःहून वळतं. ६८ वर्षांच्या माणसाच्या हातात मी अशी गाडी देणार नाही.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं आहे. तुमची गाडी बाजारात जाते. अपघात झाला तर विम्याचं काय?

पाटेकमान:
मागच्या पाट्यांबद्दल: पॅराबोलिक पाट्यात जादा पाटा मध्ये खुपसू नका. ते पाटे जाडीला निमुळते असतात, मध्यभागी आणि टोकांनाच एकमेकांना टेकतात, म्हणून मऊ चालतात. मध्ये सपाट पाटा घातलात की ती सगळी लवचीकता गेली, आणि रिकामी गाडी उतरणीवर उड्या मारेल. भरल्यावर मागून फारच बसत असेल तर खालून हेल्पर पाटा, जो वजन आल्यावरच टेकतो. आधी शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीला टांगणाऱ्या कडीचे) बुश आणि यू बोल्ट बघा. जुन्या गाडीत निम्मं दुखणं तिथेच असतं.

अजून एक. मागचा डिफरन्शियलचा गोळा सस्पेन्शन उचलून वर जात नाही, तो फक्त टायरने वर जातो. २४५/७५ आर १६ घातले तर व्यास साधारण ३८ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे गोळा १९ मिलिमीटर वर. त्या बदल्यात गिअर पाच टक्क्यांनी लांब होतो आणि भरल्या चढावर ते जाणवेल. शिवाय मापाचा बदल नोंदीत बसतो का तेही विचारा. मी त्याच मापात मजबूत साइडवॉलचे टायर घेईन. जांभ्याची धार साइडवॉलच कापते.

मीनाक्षी_बाग:
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

बार मूळ खुणेवर आणले. जॅक लावून पुढचं चाक लटकवलं. आधी ते जेमतेम ३ सेंटिमीटर खाली यायचं, आता ८ येतं. डावा जॉइंट बदलावा लागला, उजव्याला नुसता बूट पुरला. शॅकलचे बुश हाताने हलत होते, तेही बदलले. पऱ्यात पत्री घासते त्या जागचे दोन दगड पहारीने काढले आणि उतरणीला चिरे रचले. हे बाबांनीच सुचवलं.

काल वाळूच्या पोत्यांनी सातशे किलो भरून त्याच वळणावरून गाडी वर आणली. माती ओली होती, टँकरने पाणी मारून घेतलं. पुढचं चाक टेकलेलं राहिलं. मागचं डावं एकदा फिरलं, तेव्हा बाबांनी हँडब्रेक दोन-तीन दात ओढून धरला आणि गाडी सावकाश वर आली.

सरळ अ‍ॅक्सलचा विषय आमच्या घरी संपला. एकच विचारायचं राहिलं: मागच्या डिफरन्शियलला लिमिटेड स्लिप घ्यावा की लॉकर?

कातळवाट:
चाक पूर्ण हवेत जात असेल तर क्लचवाला लिमिटेड स्लिप थोडाच जोर पलीकडे देतो, लॉकर पूर्ण देतो. पण आपोआप लागणारा लॉकर ओल्या डांबरी वळणावर मागून झटका देऊ शकतो, आणि तुमची गाडी पावसात बाजारातही जाते. हा मोसम हँडब्रेकवर काढा. चाक किती वेळा उचललं जातं ते बाबांना मोजायला सांगा, मग इथेच लिहा.