मदत हवी आहे: जाड अ‍ॅल्युमिनियमला आरगॉन पुरेना, हेलिअमचं मिक्श्चर घ्यावं का?

अक्कलकोटरोडवाला:
नमस्कार मंडळी. सोलापूरला एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. मुख्य काम एसएसचं (स्टेनलेस स्टील), म्हणजे दुधाच्या टाक्या, साखर कारखान्यांची पाइपलाइन, रेलिंग. पण आजूबाजूला सगळे टॉवेलचे माग, त्यामुळं मागाचे तडकलेले अ‍ॅल्युमिनियमचे पार्टपण येतात. "जरा आरगॉन मारून द्या की ओ" म्हणत माणूस दारात उभाच.

पातळ पार्ट होतात. अडतंय ते 14-15 एमएम जाडीच्या हाउसिंगला. मशीन 200 अँपिअरचं एसी-डीसी टिग आहे, म्हणजे विजेच्या ठिणगीनं (आर्कनं) धातू वितळवून जोडणारं वेल्डिंग मशीन, आणि टाक्याला हवा लागू नये म्हणून वरून आरगॉन गॅस सोडतो. एसीवर ठेवून अँपिअर पूर्ण वर नेले तरी कडा वितळायला लै वेळ लागतो. फिलरची (भराव घालायच्या तारेची) गोळी वरच बसते, बाजूला धरत नाही. गार झाल्यावर हातोडीचा एक ठोका दिला की टाका खपलीसारखा सुटून येतो आणि खाली भेग जशीच्या तशी.

गॅसवाला म्हणायलाय, आरगॉनमध्ये हेलिअम मिसळलेलं सिलिंडर घ्या. भाव ऐकून गप्प बसलो. मुलगी अकरावी सायन्सला आहे, तिला म्हटलं, दोन्ही राजवायू, दोन्ही कशातच भाग घेत नाहीत, मग पैसे कशाचे मोजायचे? तिनं वहीत मांडून दिलं: अणुक्रमांक 2 आणि 18, अणुवस्तुमान 4 आणि 40, उत्कलनबिंदू उणे 269 आणि उणे 186 अंश, आयनन ऊर्जा 24.6 आणि 15.8 इलेक्ट्रॉन व्होल्ट. आकडे छान आहेत, पण यातला कुठला आकडा माझ्या टाक्याला लागू पडतो ते तिलाही सांगता येईना.

आमचा हेल्पर तर म्हणतो, गड्ड्याच्या यात्रेत फुगेवाले येतात, त्यांच्याकडूनच हेलिअम भरून घेऊ. जाणकारांनी सांगावं.

भोसरीचा फिटर:
दादा, हेल्परला आधी आवरा. जत्रेतल्या फुग्यात बऱ्याचदा हेलिअम नसतोच, हायड्रोजन असतो, कारण तो स्वस्त पडतो. आर्कजवळ हायड्रोजन म्हणजे स्फोटाला आमंत्रण. स्फोट नाही झाला तरी काम वाया, कारण वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम हायड्रोजन भरपूर शोषतं आणि गोठताना तो बाहेर टाकतं, त्याचीच बारीक भोकं टाक्यात राहतात. आणि खरा हेलिअम असला तरी फुग्याच्या दर्जाचा वेल्डिंगला चालत नाही.

मिक्श्चरबद्दल: फरक पडतो, मी वापरलंय. पण तुमचं असं काम महिन्यात किती येतं, त्यावर ठरवा.

रसायन शिकवते:
भाऊ, तुमच्या मुलीच्या वहीतला शेवटचा आकडाच तुमच्या कामाचा आहे. राजवायू म्हणजे धातूशी भांडत नाहीत एवढंच. आर्कमध्ये गॅसला दुसरंच काम असतं. त्याचे इलेक्ट्रॉन सुटावे लागतात, तेव्हा कुठे त्यातून वीज वाहते.

हेलिअमचे दोन्ही इलेक्ट्रॉन पहिल्याच कक्षेत, केंद्रकाला चिकटून, मध्ये आड येणारं कुणी नाही. ते उपटायला जास्त ऊर्जा लागते. आरगॉनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन तिसऱ्या कक्षेत, मध्ये दहा इलेक्ट्रॉनांचा पडदा, म्हणून ते लवकर सुटतात. त्यामुळं आरगॉनमध्ये आर्क पटकन लागतो आणि स्थिर राहतो. हेलिअममध्ये आर्क लागायला कटकट, पण लागला की व्होल्टेज जास्त. उष्णता म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. तुमचं मशीन 200 च्या वर जात नाही, तेव्हा अँपिअर न वाढवता उष्णता वाढवायची ही वाट आहे.

वहीत नसलेला एक गुणधर्मही महत्त्वाचा आहे: उष्णतावहन. साध्या तापमानाला हेलिअमचं उष्णतावहन आरगॉनच्या आठपटीहून जास्त. गंमत अशी की एक मोल वायू एक अंशाने तापवायला दोघांना सारखीच उष्णता लागते, कारण दोघंही एकाणू, म्हणजे अणू सुटे सुटे. फरक आहे तो अणूच्या वजनाचा आणि आकाराचा. हेलिअमचा अणू दहापट हलका, म्हणून त्याच तापमानाला तिपटीहून जास्त वेगानं पळतो, आणि बारीक असल्यानं वाटेत कमी धडकतो. त्यामुळं आर्कची उष्णता जॉबपर्यंत जास्त पोचते.

मुलीला आणखी एक सांगा. "राजवायूंच्या बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन" हे वाक्य पोरं डोळे झाकून लिहितात. हेलिअमला ते लागू नाही, तिथं दोनच. तुलनेच्या प्रश्नात मार्क तिथंच जातात.

अक्कलकोटरोडवाला:
मॅडम, आभारी आहे. हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. मग शुद्ध हेलिअमच का नको? आणि तो एवढा महाग का?

भोसरीचा फिटर:
शुद्ध हेलिअमवर एसीचा आर्क नाचतो आणि साफसफाई नीट होत नाही. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशाला वितळतं, पण वरचा ऑक्साइडचा पापुद्रा 2000 अंशांच्याही वर. तो फोडायचं काम आरगॉन चांगलं करतो. म्हणून मिक्श्चर. हेलिअम 25 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत मिळतो, तुमच्या मशीनला 50 च्या आसपास पुरे.

फ्लो मात्र वाढवावा लागेल. आरगॉन हवेपेक्षा जड, टाक्यावर पांघरुणासारखा बसतो. हेलिअम लगेच वर निघून जातो. आरगॉनला मिनिटाला 10 लिटर पुरतो, तिथं शुद्ध हेलिअमला 20 ते 30 लागतो, मिक्श्चरला मधला कुठलातरी. आणि तुमचं गोटीचं फ्लोमीटर आरगॉनसाठी आखलेलं आहे. त्यावर शुद्ध हेलिअम सोडला तर गोटी 10 वर दिसते तेव्हा प्रत्यक्षात तीसेक लिटर जात असतो. सिलिंडर दोन दिवसांत रिकामं का झालं, हे मग कळत नाही.

रसायन शिकवते:
महाग का, तर आरगॉन हवेतच आहे, जवळजवळ 0.93 टक्के. हवा द्रव करून ऑक्सिजन-नायट्रोजन वेगळे करताना तोही वेगळा काढता येतो, कारण त्याचा उत्कलनबिंदू त्या दोघांच्या मध्ये पडतो. हेलिअम हवेत दहा लाखांत जेमतेम पाच भाग. तो जमिनीखाली युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारातून तयार होतो आणि काही ठिकाणच्या नैसर्गिक वायूतून काढावा लागतो. भारतात तो आयात होतो.

गडकिल्ले आणि ग्रहणं:
विषय थोडा बाजूला नेतो, माफी असावी. हेलिअमची पिवळी रेषा पहिल्यांदा सूर्याच्या प्रकाशात दिसली. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन गुंटूरला होता, आणि इंग्रजांच्या तुकड्या विजापूर, जमखंडीला दुर्बिणी लावून बसल्या होत्या. विजापूर म्हणजे सोलापूरकरांना शेजारचंच. पृथ्वीवर हेलिअम हाती लागला तो 1895 मध्ये, रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाला. त्याच्या आदल्या वर्षी रॅम्झी आणि भौतिकशास्त्रज्ञ रॅली यांनी आरगॉन शोधला होता, तो हवेतला नायट्रोजन रसायनांतून काढलेल्यापेक्षा अर्धा टक्का जड का भरतो, या शंकेतून. मुलीच्या प्रोजेक्टला उपयोगी पडेल.

भोसरीचा फिटर:
मिक्श्चरवर पैसे घालण्याआधी एक करून बघा. अ‍ॅल्युमिनियम एसएसच्या दहापटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणून तुमचा टाका थंड पडतो. पार्ट आधी तापवा, दीडशे अंशांपर्यंत, गॅसच्या टॉर्चनं सगळीकडून सारखा. तापमान बघायला रंग बदलणारा खडू मिळतो. भेग व्ही आकारात पूर्ण खोल खणा, दोन्ही टोकांना ड्रिल मारा, तेल धुऊन काढा. मागाच्या कास्टिंगच्या (ओतीव पार्टच्या) छिद्रांत तेल मुरलेलं असतं, तापवल्यावर ते वर येतं, पुन्हा पुसा. फिलरची तार 4043 नंबरची घ्या.

अक्कलकोटरोडवाला:
दादा, तापवून केलं. कडा धरल्या, ठोका मारला तरी सुटला नाही. 15 एमएमच्या वरचा एक पार्ट अजून रुसलाय, तेवढ्यासाठी एक छोटं मिक्श्चर सिलिंडर भाड्यानं मिळतं का बघतोय. मुलीनं तक्त्यात उष्णतावहनाची ओळ घातली.

आता शेवटचं. दुधाच्या टाकीत आतून पर्जला, म्हणजे टाक्याच्या मागची हवा हटवायला, आम्ही आरगॉन सोडतो. हवेपेक्षा जड असेल तर तो टाकीच्या तळाला साठून राहतो का? पोरगं पॉलिशला आत उतरतंय, म्हणून विचारायलोय.

भोसरीचा फिटर:
राहतो, आणि मॅनहोल उघडं ठेवलं म्हणून जात नाही. वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही, माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. वाचवायला उतरलेला दुसराही तसाच जातो. ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडून हवा मारा, ऑक्सिजन मीटर दोरीला बांधून खाली सोडा, 19.5 टक्क्यांच्या खाली दाखवलं तर कुणी उतरायचं नाही. मीटर आजच मागवा, मिक्श्चर नंतर.