मदत हवी आहे : मुलांच्या गेममधलं मांजर जमिनीत रुततं!

गोगलगाय
नमस्कार. मुलांना गेम करता करता प्रोग्रॅमिंग शिकवते आहे. उडी मारणारं मांजर आणि गोळा करायची नाणी, एवढाच गेम. पण उडी मारून खाली आलं की मांजर जमिनीत रुततं आणि मग सावकाश वर येतं. दोन मुलांच्या गेममध्ये तर थेट खालीच जातं. कधीकधी बटण दाबूनही उडी लागत नाही. एक नाणं घेतलं की गुण एकाऐवजी सात-आठ वाढतात. कोड सगळ्यांचा सारखाच आहे, तीनदा तपासला. परवा पुन्हा वर्ग आहे आणि मुलं आता "तुमचाच कोड चुकलाय" म्हणायला लागली आहेत. प्लीज लवकर सांगा.

खडूफळा
कशात करताय ते लिहिलंच नाही. स्क्रॅच, मेककोड आर्केड, की ब्लॉक जोडून गेम करायचं आणखी काही? मुलांचं वय? जमीन वेगळा स्प्राइट (हलवता येणारं चित्र) आहे की बॅकड्रॉपवर (मागच्या पडद्यावर) रंगवलेली?

अर्धविराम
कशातही असो, ब्लॉक सोडा आणि पायगेम झीरो (पायथनमध्ये गेम करायची लायब्ररी) घ्या. 'अपडेट' आणि 'ड्रॉ' अशी दोन फंक्शन्स लिहायची, बाकी लूप तेच सांभाळतं. 'ॲक्टर' (गेममधलं पात्र) एका ओळीत तयार होतो. फक्त चित्र 'इमेजेस' नावाच्या फोल्डरमध्येच ठेवायचं आणि फाइलचं नाव स्मॉल अक्षरांत, नाहीतर एरर येते. मुलं पहिल्यापासून खरी भाषा शिकतात.

गोगलगाय
अहो, ब्लॉकवालंच. स्क्रॅच ३, ऑफलाइन. वय ९ ते ११, बारा मुलं. जमीन बॅकड्रॉपवर तपकिरी रंगाने काढली आहे, 'टचिंग कलर' (त्या रंगाला टेकलं का ते बघणारा ब्लॉक) लावलंय. पायथन आत्ता नको हो.

टाचणी
कोड टाका. "सारखाच आहे" असं सगळेच म्हणतात. नाण्याचाही टाका.

लिंबूटिंबू
नऊ वर्षांच्या मुलांना गेम कशाला शिकवायचे? आधीच दिवसभर स्क्रीन. त्यापेक्षा बुद्धिबळ शिकवा, तर्क आपोआप येतो.

गोगलगाय
मांजर: हिरवा झेंडा (गेम सुरू), फॉरएव्हर (सतत चालणारा लूप). त्यात 'वेग' -१ ने बदल, वाय (उंची) 'वेग'ने बदल. तपकिरीला टेकलं तर: 'रिपीट अनटिल' (तोवर पुन्हा पुन्हा) टेकलेलं नाही, वाय १ ने बदल. मग 'वेग' सेट ०.
उडी वेगळी: 'व्हेन अप ॲरो की प्रेस्ड', 'वेग' सेट १२.
गुण: मांजरातच, फॉरएव्हर, नाण्याला टेकलं तर गुण १ ने बदल.
नाणं: फॉरएव्हर, मांजराला टेकलं तर आठ वेळा आकार १० ने बदल (फुगतं), मग लपव.
@लिंबूटिंबू, बुद्धिबळाचा वर्ग वेगळा आहे.

टाचणी
आता कळलं. चार दुखणी आहेत, एकच नाही.

रुतणं: स्क्रॅचमध्ये लूपची एक फेरी झाली की पडदा नव्याने रंगतो, सेकंदाला साधारण ३० वेळा (दर वेळी एक फ्रेम). तुमचं 'रिपीट अनटिल' प्रत्येक फेरीला मांजर एकच पाऊल वर ढकलतं. १२ च्या वेगाने आदळलं तर ते जास्तीत जास्त १२ पावलं आत जातं, म्हणजे वर यायला १२ फ्रेम, ०.४ सेकंद. डोळ्याला ते स्पष्ट दिसतं. उंच फळीवरून पडलं, वेग २० झाला, की आणखी रेंगाळतं. उपाय: 'माय ब्लॉक्स'मध्ये (स्वतःचे ब्लॉक करायच्या जागी) 'वर काढ' नावाचा ब्लॉक करा, करताना 'रन विदाउट स्क्रीन रिफ्रेश'वर (मध्ये पडदा न रंगवता चालव) टिक करा आणि ते 'रिपीट अनटिल' त्यात हलवा. सगळी ढकलाढकली एकाच फ्रेममध्ये उरकते.

उडी न लागणं: हे त्याचंच पिल्लू. मांजर सावकाश वर येत असताना मुलाने बाण दाबला की उडीची स्क्रिप्ट 'वेग' १२ करते, आणि वर येणं संपताच पहिली स्क्रिप्ट तो ० करून टाकते. उडी गिळली. म्हणून उडीची स्क्रिप्ट फेकून द्या. फॉरएव्हरच्या आतच, 'वेग' सेट ० च्या लगेच खाली, 'जर अप ॲरो दाबलेला असेल तर वेग सेट १२' लावा. जमिनीवर असतानाच उडी मिळेल. आत्ता तुमचं मांजर हवेतल्या हवेतही कितीही वेळा उडत असणार.

गुण: नाणं आठ फ्रेम फुगत राहतं आणि तेवढा वेळ मांजर त्याला टेकलेलंच असतं, म्हणून दर फ्रेमला एक गुण. मोजणी मांजरातून काढून नाण्यात ठेवा: टेकलं की आधी गुण १, मग फुगणं, मग लपव. लपवलेला स्प्राइट 'टचिंग'ला सापडत नाही, म्हणून पुढे वाढणार नाहीत. नाण्याच्या झेंड्याखाली 'शो' आणि 'सेट साइझ १००' विसरू नका, नाहीतर दुसऱ्या डावात नाणी गायब.

चौथं, थेट खाली जाणारी ती दोन मुलं. त्यांची जमीन तुम्ही काढून दिली होती की त्यांनी स्वतः?

गोगलगाय
त्या दोघांनी स्वतः काढली! पण तपकिरीच आहे.

खडूफळा
डोळ्याला तपकिरी. 'टचिंग कलर' नेमका रंग शोधतो, थोडी गडद छटा असली तरी चुकतो. ब्लॉकमधल्या रंगाच्या गोळ्यावर क्लिक करून खालच्या पिपेटने थेट त्यांच्या स्टेजवरून रंग उचलायला सांगा. त्याहून बरं म्हणजे जमीन वेगळा स्प्राइट करा आणि 'टचिंग जमीन' वापरा. मग मुलं ती हिरवी, जांभळी, हवी तशी रंगवू देत. एक ध्यानात ठेवा: मांजर पूर्ण खाली गेलं तरी स्क्रॅच त्याला स्टेजबाहेर सोडत नाही, तळाशी कानांची टोकं दिसत राहतात. त्यामुळे 'वाय -२०० पेक्षा कमी तर गेम ओव्हर' अशी अट लहान स्प्राइटला कधीच लागू होत नाही. स्टेजचा तळ -१८० ला आहे, अट -१७० ला लावा.

अर्धविराम
बघा, 'रन विदाउट स्क्रीन रिफ्रेश' मुलांना कसं समजावणार? पायगेम झीरोमध्ये 'कोलाइडरेक्ट'ने टक्कर तपासायची, वाय थेट फळीच्या वरच्या कडेला नेऊन ठेवायचा, दोन ओळींत काम. उगाच एकेक पाऊल ढकला कशाला!

टाचणी
दोन ओळी, आणि त्यात विसरलेला कोलन, एकीकडे टॅब एकीकडे स्पेस, शिवाय दहा वर्षांच्या मुलाचा टायपिंगचा वेग. बारापैकी आठ मुलं पहिला तास एरर वाचण्यात घालवतात. पायथन वाईट नाही, वेळ चुकीची आहे. तुमचं आयडी नाव पाहता सेमीकोलनची भाषा सुचवाल असं वाटलं होतं.

अर्धविराम
वेळ कधीच बरोबर नसते, म्हणून तर मुलं बारावीतही मांजरच उडवत बसतात.

पिंपळपान
अवांतर: नाणी आणि मांजर स्वतः काढायचं असेल तर १६ × १६ पिक्सेलचा चौकोन घ्या, रंग चारच ठेवा, बाह्यरेषा काळीऐवजी गडद निळी. फार सुरेख दिसतं.

गोगलगाय
@पिंपळपान, चित्रांचा प्रश्न नाहीये, पण धन्यवाद :) @टाचणी, वर्गात नेमकं काय सांगू? सगळं सरळ फळ्यावर लिहून देऊ?

खडूफळा
लिहून देऊ नका. फॉरएव्हरच्या शेवटी 'वेट ०.३' टाका आणि व्हेरिएबलच्या यादीत 'वेग'समोर टिक करा, म्हणजे आकडा स्टेजवर दिसेल. गेम गोगलगायीच्या चालीने चालेल (माफ करा). बाण नेमक्या क्षणी दाबायला सांगा. आधी -१२ असलेला आकडा एकदम १२ होतो आणि मांजर वर आलं की ०, हे मुलांना स्वतःलाच दिसेल. मग 'वेग ० कोण करतंय?' एवढंच विचारा.

टाचणी
बारा मुलांत हे फक्त प्रोजेक्टरवर करा, प्रत्येकाच्या मशीनवर नको. 'वेट' काढायला निम्मी विसरतात आणि "माझा गेम हळू झाला" म्हणून तुमच्याभोवती रांग लागते. 'वर काढ' ब्लॉक मात्र सगळ्यांना तयार द्या, तो त्यांच्या वयाचा विषय नाही. आकड्यांशी खेळायला द्या. वेग १२ आणि ओढ (दर फेरीला वेगात होणारा बदल) -१ असेल तर उडी ११+१०+…+१, म्हणजे ६६ पावलं उंच. ओढ -०.५ केली तर किती, हे आधी वहीत लिहायला लावा. बहुतेक जण दुप्पट, १३२ म्हणतील. येतात १३८. सहा जास्त का, यावर अर्धा तास निघतो.

खडूफळा
तयार ब्लॉक दिला की तो जादू होऊन बसतो. दहा वर्षांच्या मुलाला 'आधी सगळं कर, मग एकदाच चित्र काढ' हे समजतं. पण परवाच वर्ग आहे म्हणताय, तर द्या. एक राहिलं: याच कोडने वरच्या फळीला खालून डोकं लागलं तर मांजर फळीतून वर जाऊन तिच्यावर उभं राहील, कारण ढकलणं नेहमी वरच आहे. 'वेग' ० पेक्षा जास्त असताना टेकलं तर वाय -१ ने ढकला, आणि उडीची अट फक्त वर ढकलण्याच्या भागात ठेवा. नाहीतर मांजर छताला लटकून उड्या मारतं.

लिंबूटिंबू
हे सगळं बुद्धिबळात नाही लागत.

गोगलगाय
वर्ग झाला. रुतणं गेलं, गुण एकेकच वाढतात, ती दोन मांजरंही जमिनीवर आली. १३८ वर जोरदार भांडण झालं. आता नवीन: एका मुलीचं मांजर डावीकडे वळलं की उलटं होतं, पाय वर! आणि चालताना उभ्या भिंतीला टेकलं की भिंत चढून जातं.

टाचणी
उलटं होणं: 'सेट रोटेशन स्टाइल लेफ्ट-राइट', झेंड्याखाली एकदा. भिंत: आडवी हालचाल 'वर काढ'च्या नंतर होत असणार, मग पुढच्या फेरीला भिंतीचं टेकणं म्हणजे जमीनच असं समजून मांजर वर ढकललं जातं. आधी एक्स (आडवी जागा) बदला, लगेच टेकलं का बघा, टेकलं असेल तर तेवढंच एक्स मागे घ्या. मगच वाय. त्या मुलीने भिंतीला पण तोच तपकिरी दिलाय का?

गोगलगाय
हो.